इंदूरची बिअर आणि राज्यांच्या सीमा

मुंबई-आग्रा मार्गाने इंदूरहून धुळ्याकडे येणाऱ्या प्रवाशास सेंधवा मागे पडल्यावर बिजासनचा घाट लागतो आणि घाट उतरला की पळासनेरजवळ महाराष्ट्राची हद्द सुरू होते. इंदूर ते धुळे हे अंतर सुमारे अडीचशे किलोमीटरचे. माळव्यातील बटाटा, सोयाबीन, डाळी, शेव असा माल या वाटेने रोज महाराष्ट्रात येतो आणि २०१७ साली वस्तू व सेवा कर लागू झाल्यापासून करासाठी त्याला सीमेवर खोळंबण्याचे कारणही उरलेले नाही. परंतु याच वाटेने निघालेल्या बिअरच्या खोक्याला मात्र ही सीमा आजही जवळजवळ परदेशाच्या सीमेइतकीच कडक आहे. स्वतंत्र परवाना, स्वतंत्र शुल्क, स्वतंत्र लेबल आणि पोहोचल्याचे स्वतंत्र प्रमाणपत्र एवढे सोपस्कार पूर्ण झाल्यावाचून ते खोके पुढे सरकू शकत नाही.

इंदुरात सहज मिळणारी बिअर जळगावास का दिसत नाही, नागपुरात तयार होणारी बिअर शेजारच्या वर्ध्यात विकणे गुन्हा का ठरतो, पुण्यात पेल्यातून मिळणारी एखादी नामांकित बिअर दुकानात बाटलीबंद का मिळत नाही, असे प्रश्न ग्राहक वारंवार विचारतात. दुकानदाराचा हलगर्जीपणा किंवा कंपनीची टंचाई हे उत्तर बहुतेक वेळा खरे नसते. खरे उत्तर कायद्यात, वाहतुकीच्या हिशेबात आणि त्या द्रवाच्या नाशवंतपणात आहे. ते समजावून सांगण्यास इंदूरचे उदाहरण विशेष सोयीचे आहे.

बेल्जियमहून इंदुरास

अलीकडच्या काळात शहरी तरुण वर्गात ‘क्राफ्ट बिअर’ या नावाने जी बिअर लोकप्रिय झाली, तिच्यात ‘बिरा ९१’ हे नाव अग्रभागी होते. नावातील ९१ हा भारताचा दूरध्वनी संकेतांक. २०१५ साली ही बिअर बाजारात आली तेव्हा ती बेल्जियममध्ये तयार होऊन जहाजाने भारतात येत असे. गव्हाचा अंश असलेली, धने व संत्र्याच्या सालीचा स्वाद दिलेली, किंचित गढूळ दिसणारी ही बिअर भारतीय ग्राहकाच्या परिचयाच्या कडक लागर बिअरपेक्षा वेगळी होती आणि ती खपू लागली. परंतु जहाजाचे भाडे आणि जबर सीमाशुल्क सोसून बिअर विकणे दीर्घकाळ परवडणारे नव्हते. म्हणून २०१६ साली उत्पादन भारतात आणले गेले व त्यासाठी पहिले ठिकाण निवडले गेले ते इंदूर. त्यानंतर नागपूर आले. पुढे ग्वाल्हेर, म्हैसूर आणि आंध्र प्रदेशातील कोव्वूर येथेही ही बिअर तयार होऊ लागली.

येथे चोखंदळ वाचक एक शंका घेईल. पाच ठिकाणच्या मोठ्या निर्माण्यांतून लाखो खोकी बाहेर पडत असतील तर त्या बिअरला ‘क्राफ्ट’, म्हणजे कारागिराच्या हातची, म्हणावे काय? शंका रास्त आहे. परवान्याच्या दृष्टीने मुख्य भेद इतकाच की मद्य बाटलीत भरून बाहेर पाठविणारी ती निर्माणी आणि जागेवरच बनवून जागेवरच पेल्यातून विकणारी ती सूक्ष्मनिर्माणी, म्हणजेच मायक्रोब्रुअरी. ‘क्राफ्ट’ हा शब्द बाजाराने रूढ केलेला आहे आणि प्रस्तुत लेखात तो त्याच सैल अर्थाने वापरला आहे.

इंदूर पहिले का, याची कारणे नकाशावरच वाचता येतात. महू तहसिलीत माउंट एव्हरेस्ट ब्रुअरीजसारखी मोठी निर्माणी असल्याने या परिसरास बिअर उत्पादनाचा सराव होताच. शिवाय तेथून महाराष्ट्र, राजस्थान, उत्तर प्रदेश व दिल्ली या बाजारपेठांकडे महामार्ग जातात. राजस्थान व हरियाणातील सातू, म्हणजे बार्ली, पिकविणारा प्रदेशही फार दूर नाही. अडचण एकच, ती पाण्याची. एक लिटर बिअरमागे चार-पाच लिटर पाणी लागते असा ढोबळ हिशेब आहे आणि इंदूर शहर स्वतःच जलूदहून सुमारे ७० किलोमीटरवरून नर्मदेचे पाणी उपसून आणते. पाण्याची ही बाब किरकोळ समजू नये. २०१६ च्या उन्हाळ्यात मराठवाड्यात दुष्काळ पडला असता मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने तेथील मद्यनिर्मिती उद्योगांच्या पाण्यात निम्म्याहून अधिक कपात करण्याचा आदेश दिला होता.

मद्य हा राज्यांचा विषय

संविधानाच्या सातव्या अनुसूचीतील राज्यसूचीत आठवी नोंद मादक पेयांचे उत्पादन, बाळगणे, वाहतूक, खरेदी व विक्री यांविषयी आहे, तर एक्कावन्नावी नोंद मानवी सेवनासाठीच्या मद्यावरील उत्पादन शुल्काविषयी. दोन्ही अधिकार राज्यांचे. २०१६ च्या एकशे एकाव्या घटनादुरुस्तीने वस्तू व सेवा कर आला, तेव्हाही मानवी सेवनाचे मद्य त्यातून वगळले गेले. यामुळे बिअरच्या बाबतीत देश ही एक बाजारपेठ नाही. जितकी राज्ये तितक्या बाजारपेठा आहेत. मद्याचा व्यापार करण्याचा मूलभूत हक्क कोणालाही नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने हर शंकर प्रकरणात १९७५ साली स्पष्ट केलेले आहे.

राज्यांनाही याबाबत अगदी मोकळे रान आहे असे नव्हे. बाहेरून येणाऱ्या मद्यावर राज्य जो प्रतिशुल्क लावते, तो राज्यात तयार होणाऱ्या तशाच मद्यावरील शुल्काएवढा किंवा त्याहून कमी असावा, असे एक्कावन्नाव्या नोंदीतच म्हटले आहे. ओरिसात विदेशी मद्य तयारच होत नसताना त्यावर प्रतिशुल्क आकारले गेले, ते सर्वोच्च न्यायालयाने कल्याणी स्टोअर्स प्रकरणात अमान्य केले. तरीही आयात फी, विशेष फी, परवाना फी अशा निरनिराळ्या नावांनी बाहेरची बिअर स्थानिक बिअरपेक्षा महाग पडावी अशी व्यवस्था बहुतेक राज्यांत आढळते. त्यामागे महसुलाचा विचार असतो, तसाच स्थानिक निर्माणी व तेथील रोजगार यांना संरक्षण देण्याचाही.

इंदूर आणि नागपूर या दोन शहरांच्या कायद्यांची कथा इतिहासाच्या अभ्यासकाला गंमतीची वाटेल. मध्य प्रदेशात आज लागू असलेला आबकारी अधिनियम १९१५ सालचा. तो मूळचा मध्य प्रांताचा कायदा आणि त्या प्रांताची राजधानी होती नागपूर. इंदूर त्या वेळी होळकरांच्या संस्थानात असल्याने हा कायदा तेथे लागू नव्हता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि इंदूर नव्या मध्य प्रदेशात. परिणामी नागपूर राजधानी असलेल्या प्रांताचा कायदा आज इंदुरास लागू आहे, तर खुद्द नागपूर १९४९ च्या मुंबई दारूबंदी अधिनियमाखाली, म्हणजे आजच्या महाराष्ट्र दारूबंदी अधिनियमाखाली आहे. एका कायद्याचा पाया परवाना व महसूल हा, तर दुसऱ्याचा पाया बंदी आणि बंदीतून दिलेली सवलत हा. म्हणूनच महाराष्ट्रात सेवनाचा परवाना लागतो, बिअरसाठी २१ वर्षांची आणि कडक मद्यासाठी २५ वर्षांची वयोमर्यादा पाळावी लागते. एकच बिअर दोन्ही शहरांत तयार होऊ लागली तरी तिच्यामागे दोन भिन्न विचारांचे कायदे उभे आहेत.

खोक्याचा प्रवास

निर्माणीतून निघालेले खोके ग्राहकापर्यंत कसे पोहोचते? मध्य प्रदेशात बाटलीबंद बिअर प्रथम शासनाच्या विदेशी मदिरा भांडागारात जाते आणि तेथून किरकोळ दुकानदार ती उचलतो. दुकानांचे ठेके आर्थिक वर्षापुरते, १ एप्रिल ते ३१ मार्च, दिले जातात. कोणता माल उचलावयाचा हे ठेकेदार ठरवितो. शासनाने किमान व कमाल अशा दोन्ही किमती बांधून दिलेल्या असल्याने स्पर्धेस वाव थोडा. मार्च महिना सरत आला की ठेकेदार साठा संपविण्याच्या घाईत असतो आणि नवा ठेकेदार एप्रिलमध्ये खपाची खात्री असलेला मालच आधी भरतो. भारतात बिअरचा बहुतांश खप कडक बिअरचा असल्याने सौम्य, वेगळ्या चवीच्या बिअरला दुकानाच्या फळीवर जागा मिळणे या काळात विशेष कठीण जाते. एप्रिलमध्ये एखादी बिअर इंदुरातून ‘नाहीशी’ झाल्याची जी तक्रार ऐकू येते तिचे मूळ पुष्कळदा येथे असते.

महाराष्ट्रात घाऊक व्यापारही खाजगी अनुज्ञप्तीधारकांच्या हाती आहे. घाऊक विक्रेता एफ.एल.-१, मद्याचे दुकान एफ.एल.-२, परवाना कक्ष एफ.एल.-३ आणि केवळ सौम्य मद्याचे दुकान, ज्याला लोक ‘बिअर शॉपी’ म्हणतात, ते एफ.एल./बी.आर.-२ अशी साखळी आहे. येथे नव्या बिअरला प्रवेश तुलनेने सोपा, कारण एका घाऊक विक्रेत्याने नकार दिला तर दुसऱ्याकडे जाता येते. तमिळनाडू, केरळ, कर्नाटक, तेलंगण या राज्यांत मात्र घाऊक खरेदी शासकीय महामंडळ करते. महामंडळाने दर ठरविला नाही, किंवा देणे थकविले, तर त्या राज्याची दारे बंद होतात. जानेवारी २०२५ मध्ये देशातील सर्वांत मोठ्या बिअर कंपनीने, युनायटेड ब्रुअरीजने, दरवाढ न मिळाल्याच्या व थकबाकीच्या कारणावरून तेलंगणचा पुरवठा काही दिवस थांबविला होता. एवढ्या मोठ्या कंपनीची ही गत, तर लहान निर्माणीने महामंडळाशी काय बोलावे?

आता इंदूरचे खोके धुळ्यास न्यावयाचे आहे असे समजू. प्रथम महाराष्ट्रातील आयातदाराने येथील विभागाकडून आयात परवाना मिळवावा लागतो. तो परवाना पाहून मध्य प्रदेशचा अधिकारी निर्यात पास देतो. वाहन, मार्ग, मुदत, खोक्यांची संख्या सारे त्यात नमूद असते. माल तेथील शुल्क न भरता, बंधपत्रावर, बाहेर पडतो. महाराष्ट्रात तो पोहोचल्याची पडताळणी करून येथील अधिकारी प्रमाणपत्र पाठवितो, तेव्हा कुठे मूळ बंधपत्र मोकळे होते. प्रमाणपत्र वेळेवर परत गेले नाही तर निर्माणीवर शुल्काची आकारणी होऊ शकते. या सर्वांआधी त्या बिअरचे लेबल महाराष्ट्रात मंजूर झालेले असावे लागते, आणि ‘केवळ महाराष्ट्रात विक्रीसाठी’ या आशयाची ओळ त्यावर असावी लागते. म्हणजे बाटलीत बिअर भरली जाते त्या क्षणीच ती कोणत्या राज्यात उघडली जाणार हे ठरलेले असते. इंदुरात साठा पडून आहे आणि नाशकात टंचाई आहे म्हणून तोच साठा तिकडे वळविता येत नाही.

बिअर जड का पडते

कायदा बाजूला ठेवला तरी बिअर हा दूर नेण्याजोगा माल नव्हे. ६५० मिलिलिटरच्या बारा बाटल्यांचे एक खोके, म्हणजे ७.८ लिटर बिअर. तीत मद्यार्क ५ टक्के धरला तर शुद्ध मद्यार्क भरतो ०.३९ लिटर. व्हिस्कीच्या ७५० मिलिलिटरच्या बारा बाटल्यांत ९ लिटर मद्य असते आणि ४२.८ टक्क्यांच्या हिशेबाने मद्यार्क होतो ३.८५ लिटर. ट्रकमध्ये जागा साधारण तेवढीच व्यापली जाते, मात्र माल सुमारे दहापट सौम्य. वाहतुकीत आपण मुख्यतः पाणी आणि काच वाहून नेत असतो. म्हणून व्हिस्की एका कारखान्यातून अर्ध्या देशाला पुरविता येते. बिअरला मात्र जवळची निर्माणी लागते. भोपाळच्या सोम समूहाने कर्नाटक व ओडिशात निर्माण्या काढल्या, त्यामागे हाच हिशेब व राज्यांच्या सीमाशुल्कासारख्या आकारण्या टाळण्याचा हेतू दिसतो. बिराचा इंदूरहून नागपूर, नागपूरहून म्हैसूर असा विस्तारही याच वाटेने झाला.

शिवाय बिअर नाशवंत आहे. पाश्चरीकरण केलेली बाटली साधारण सहा महिने टिकते. ऊन लागले तर त्याआधीच तिला उग्र वास येऊ लागतो. पाश्चरीकरण न केलेली, पिंपातून थेट पेल्यात येणारी ताजी बिअर थंडाव्यात ठेवली तरी थोड्याच आठवड्यांची सोबती. पुण्यात २००९ साली डूलाली ही राज्यातील आरंभीची सूक्ष्मनिर्माणी सुरू झाली आणि पुढे त्या शहरात अशा अनेक निर्माण्या आल्या; त्यांची बिअर दुकानात दिसत नाही याचे एक कारण परवाना जागेवरच्या विक्रीचा आहे हे, आणि दुसरे कारण ती बिअर प्रवासच सोसत नाही हे. टाळेबंदीच्या काळात, २०२० साली, या निर्माण्यांच्या टाक्यांत बिअर पडून वाया जाऊ लागली तेव्हा महाराष्ट्र शासनाने ती मोठ्या झाकणबंद बाटल्यांतून घरी नेण्यास अनुमती दिली. मध्य प्रदेशानेही २०२२-२३ च्या धोरणात इंदूर व भोपाळ येथे सूक्ष्मनिर्माण्यांना वाव दिला आणि २०२५-२६ च्या धोरणात केवळ बिअर, वाइन यांसारखी १० टक्क्यांपर्यंत मद्यार्काची पेये देणाऱ्या सौम्य मद्यगृहांचा नवा वर्ग निर्माण केला.

एका शब्दाची किंमत

लेबलाच्या मंजुरीचा उल्लेख वर आला. ही बाब कारकुनी वाटते, परंतु तिच्यात किती सामर्थ्य आहे हे बिराच्याच उदाहरणाने दिसून आले. भांडवल बाजारात उतरण्याच्या तयारीत या बिअरच्या मालक कंपनीने, बी नाइन बेव्हरेजेसने, खाजगी मर्यादित कंपनीचे रूप सोडून सार्वजनिक मर्यादित कंपनीचे रूप घेतले. नावातून ‘प्रायव्हेट’ हा एकच शब्द गेला. बिअर तीच, निर्माणी तीच, कृती तीच. परंतु राज्यांच्या दप्तरी उत्पादकाचे नाव बदलले म्हणजे उत्पादनच नवे. सबब प्रत्येक राज्यात लेबलांची नोंदणी पुन्हा करणे भाग पडले. कंपनीच्या निवेदनानुसार या फेरनोंदणीपायी चार ते सहा महिने विक्री जवळजवळ ठप्प झाली. जुन्या नावाची लेबले असलेला सुमारे ८० कोटी रुपयांचा साठा निकाली काढावा लागला. २०२३-२४ या वर्षात कंपनीचा तोटा आदल्या वर्षीच्या ४४५ कोटींवरून ७४८ कोटी रुपयांवर गेला. २०२५ मध्ये वेतन थकल्याची तक्रार तिच्या कर्मचाऱ्यांनी जाहीरपणे मांडली.

तोट्याचे सगळे खापर एका शब्दावर फोडणे योग्य होणार नाही. आदल्या वर्षीचा तोटाही लहान नव्हता, आणि वाढीच्या हव्यासात खर्च आवाक्याबाहेर जाणे हा या धंद्यातील जुनाच रोग आहे. परंतु या प्रकरणात राज्यांच्या बाजूनेही विचार करण्याजोगे काही आहे. लेबल नोंदणीचा हेतू बनावट माल ओळखता यावा, शुल्क कोणाकडून वसूल करावयाचे हे निश्चित असावे आणि ग्राहकास उत्पादक कोण ते कळावे, हा आहे. उत्पादक, जागा व कृती न बदलता केवळ कंपनीचे वैधानिक रूप बदलले असेल तर ठराविक मुदतीपर्यंत जुन्या लेबलावर चिट्टी चिकटवून साठा विकू देण्याने यांपैकी कोणताही हेतू बिघडत नाही, उलट साठा नष्ट झाल्याने शासनाचेच शुल्क बुडते. दुसरीकडे, कंपन्यांनीही असा बदल आर्थिक वर्षाच्या आरंभी, वार्षिक नूतनीकरणाच्या वेळीच, करावा हे शहाणपणाचे. निर्माणीतील भरणी कामगार, खोकी बनविणारा लघुउद्योजक, सातूचा पुरवठा करणारा शेतकरी यांचे वेतन आणि देणी या कागदपत्रांच्या गतीवर अवलंबून असतात, याचे भान दोन्ही बाजूंनी ठेवावयास हवे.

जेथे मिळणारच नाही

उपलब्धतेच्या नकाशावर काही जागा मुद्दाम कोऱ्या ठेवलेल्या आहेत. वर्धा जिल्ह्यात १९७५ पासून आणि गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरात ती २०१५ मध्ये आली व २०२१ मध्ये उठविली गेली. नागपूरहून दक्षिणेकडे निघालेल्या मालवाहनास त्यामुळे बंदी असलेला जिल्हा ओलांडून पुढे जावे लागते आणि पासावरील मार्ग व मुदत यांना तेथे फार महत्त्व येते. इंदूरभोवतीही अशीच स्थिती आहे. १ एप्रिल २०२५ पासून मध्य प्रदेश शासनाने उज्जैन, ओंकारेश्वर, महेश्वर यांसह अनेक तीर्थस्थानी मद्यविक्री बंद केली. हा निर्णय अहिल्यादेवी होळकरांच्या त्रिशताब्दीच्या निमित्ताने महेश्वर येथेच झालेल्या मंत्रिमंडळाच्या बैठकीत घेतला गेला. पश्चिमेस झाबुआ व अलीराजपूर ओलांडले की गुजरात लागतो, जेथे राज्याच्या स्थापनेपासून, म्हणजे १९६० पासून, बंदी आहे. या सीमेवरील चोरटी वाहतूक हा दोन्ही बाजूंच्या यंत्रणांचा नित्याचा प्रश्न आहे आणि खोक्यागणिक पास, पडताळणी, लेबलावर राज्याचे नाव या जाचक वाटणाऱ्या अटींचे समर्थन मुख्यतः येथेच सापडते. राज्यांनी मादक पेयांच्या सेवनास बंदी घालण्याचा प्रयत्न करावा, असे संविधानाचा सत्तेचाळीसावा अनुच्छेद सांगतो. मद्यापासूनचा महसूल आणि हा अनुच्छेद यांची सांगड घालणे राज्यांना आजवर कधीच सोपे गेलेले नाही.

सर्वसामान्य ग्राहकाने यातून काय लक्षात ठेवावे? बाटलीवरील मजकूर वाचावा. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या नियमांनुसार ५ टक्क्यांपर्यंत मद्यार्क असलेली बिअर सौम्य व त्यापुढे ८ टक्क्यांपर्यंतची कडक समजली जाते; हे प्रमाण, भरणीची तारीख, निर्माणीचे ठिकाण आणि कोणत्या राज्यात विक्रीस अनुमती आहे ते लेबलावर छापलेले असते. इंदुरात भरलेल्या दोन बाटल्या दिसावयास सारख्या असल्या तरी एकीवर मध्य प्रदेशचे व दुसरीवर महाराष्ट्राचे नाव असेल, तर त्या कायद्याच्या दृष्टीने दोन वेगळ्या वस्तू आहेत. पहिली बाटली परवान्यावाचून पळासनेरच्या अलीकडे आणणे हा महाराष्ट्र दारूबंदी अधिनियमाच्या कलम ६५ खाली अपराध ठरतो, मग ती स्वस्त मिळाली म्हणून आणलेली असो की नातेवाइकांसाठी भेट म्हणून.